संध्याकाळी बाळ रडतं तेव्हा पोटाआधी दूध पिण्याकडे बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बाळ पाच आठवड्यांचं आहे. दिवसभर ठीक असतं, पण संध्याकाळी सहाच्या सुमारास किरकिर सुरू होते ती दहापर्यंत थांबत नाही. तोंड लालबुंद होतं, मुठी आवळतं, पाय पोटाशी ओढून घेतं, पोट गच्च लागतं, मधूनच वारा सरतो. अंगावर पितं, रात्री एकदा वरच्या दुधाची बाटली असते. जन्माच्या वेळी ३ किलो होतं, आता ३.८ किलो आहे. दोन प्रकारचे गॅसचे थेंब देऊन झाले, फरक पडला नाही. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "माझ्या दुधातच काही दोष असेल का?"

आधी या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीचं ऐकायला मन तिथून मोकळं व्हायला हवं. तुमच्या दुधात दोष नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं, दहा ते चौदा दिवसांत ते जन्मवजनावर परत येतं आणि त्यानंतर रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं. तुमच्या बाळाने हा हिशोब व्यवस्थित पूर्ण केला आहे. ज्या बाळाच्या पोटात खरोखर काही बिघडलेलं असतं, त्याचं वजन सहसा असं चढत नाही.

तरीही काही गोष्टी आधी तपासून बाजूला ठेवू या. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, बाळ झोपलेलं असतानाही टणक आणि फुगलेलंच राहणारं पोट, दर पाजण्यानंतर लांब फेकली जाणारी जोरदार उलटी, जांघेत आलेली गाठ, बाळ मलूल पडणं, उठवूनही न पिणं, चोवीस तासांत पाच-सहापेक्षा कमी वेळा शू, खोल गेलेली किंवा फुगून वर आलेली टाळू. यातलं एकही दिसलं तर घरी काहीही करून बघत बसू नका, तडक डॉक्टरांकडे न्या, रात्र असली तरी. हिरव्या उलटीबद्दल तर मी फोनवरसुद्धा दुसरा प्रश्न विचारत नाही, कारण आतड्याला पीळ पडल्याची ती खूण असू शकते. आणि बाळ एकाएकी, नेहमीपेक्षा वेगळ्या किंचाळण्याच्या सुरात रडू लागलं तर कपडे पूर्ण काढून हातापायांची बोटं एकेक करून बघा. आईच्या केसांपैकी एखादा केस बोटाभोवती घट्ट गुंडाळला गेलेला मी एकदा नाही, अनेकदा सोडवला आहे. तोपर्यंत घरातले सगळे त्याला गॅसच समजत असतात.

तुमच्या वर्णनात यातलं काही नाही. म्हणून आता गॅसकडे येते.

रडणाऱ्या बाळाचं पोट गच्च लागतं, कारण रडताना पोटाचे स्नायू आवळले जातात. पाय पोटाशी घेणं ही या वयातल्या बाळाची कुठल्याही त्रासाला दिलेली एकच प्रतिक्रिया आहे. भूक असो, झोप असो, गोंगाट असो, ते पाय वरच घेतं. आणि रडताना ते हवा गिळतं. ती हवा काही वेळाने वाऱ्याच्या रूपाने बाहेर पडते, आणि आपण म्हणतो, बघा, गॅसच होता. बरेचदा क्रम उलटा असतो: आधी रडणं, मग गॅस. अशा बाळांचे रडण्याच्या वेळी काढलेले एक्स-रे पाहिले गेले आहेत आणि त्यांत इतर बाळांपेक्षा जास्त हवा सापडलेली नाही. गॅसने बाळाला त्रास होतच नाही असं मी म्हणत नाही. होतो. पण रोज संध्याकाळी चार तासांच्या रडण्याचं पूर्ण उत्तर गॅस हे नसतं, आणि सगळं लक्ष त्याच्यावर गेलं की खरं कारण नजरेआड राहतं.

या रडण्याला वयाचा एक ठरावीक आलेख आहे. १९६२ साली बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांनी आयांकडून बाळांच्या रडण्याच्या रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या. निरोगी बाळांचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिखर गाठतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं, असं त्यांत दिसलं. संध्याकाळीच ते जास्त असतं हेही त्याच नोंदींतून आलं. तुमचं बाळ पाच आठवड्यांचं आहे, म्हणजे चढाच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर. त्याआधी १९५४ मध्ये मॉरिस वेसल यांनी 'कॉलिक'ची व्याख्या केली होती: नीट वाढणारं बाळ दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस, तीन आठवड्यांहून अधिक काळ रडणं. आता तास मोजायची ती अट मागे पडली आहे. दिवसाचे तीन तास भरले नाहीत म्हणून आईचा थकवा कमी ठरत नाही, हे मला त्या व्याख्येबद्दल नेहमी वाटायचं.

मग करायचं काय? मी पोटाला हात लावण्याआधी पाजणं बघते. 'माझ्यासमोर पाजा' हे माझं ठरलेलं वाक्य आहे. काही वर्षांपूर्वी एक आई आली, पिशवीत तीन वेगवेगळ्या थेंबांच्या बाटल्या. बाळ अंगावर घेतल्यावर दोन मिनिटांत 'टच, टच' असा आवाज येऊ लागला. जीभ आणि टाळ्याच्या मधली पकड दर घोटाला सुटत होती आणि प्रत्येक वेळी दुधाबरोबर हवा आत जात होती. बाळ पाठीवर उताणं आणि मान मात्र आईकडे वळवलेली, अशा अवस्थेत पीत होतं. तुम्ही स्वतः मान खांद्यावर वळवून पाणी पिऊन बघा, म्हणजे बाळाला काय होत असेल ते कळेल. आम्ही थेंब बंद केले आणि फक्त धरण्याची पद्धत बदलली. रडणं नाहीसं झालं नाही, तसं वचन मी कधी देतही नाही. पण आठवड्याभरात चार तासांचे दीड-दोन तास झाले आणि आईच्या स्तनाग्रांचं दुखणंही थांबलं, ज्याबद्दल तिने तोपर्यंत कुणाला सांगितलंच नव्हतं.

धरायचं असं: बाळाचं पोट तुमच्या पोटाला टेकलेलं, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. नाक स्तनाग्राच्या समोर. स्तनाग्र वरच्या ओठाला लावा आणि बाळ जांभई देतं तेवढं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबा. घाईत अर्ध्या उघडलेल्या तोंडात दिलं की पकड उथळ बसते. मग तुम्ही पुढे वाकू नका, बाळाला पटकन जवळ ओढा. नीट बसलेल्या पकडीत हनुवटी स्तनात रुतलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, गाल फुगीर असतात आणि काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाकडे जास्त, हनुवटीकडे कमी दिसतो. गालांना खळ्या पडत असतील किंवा टचटच आवाज येत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. तीनदा लावावं लागलं तरी चालेल. सगळं करूनही आवाज आणि दुखणं राहिलं तर बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड नाही ना, ते एकदा दाखवून घ्या.

दुसरी शक्यता नेमकी उलटी असते, दूध फार येण्याची. पान्हा फुटला की दूध फवाऱ्यासारखं उडतं, बाळाला ठसका लागतो, ते सोडतं, रडतं, पुन्हा धरतं, आणि या झटापटीत भरपूर हवा गिळतं. अशा बाळांची शी अनेकदा हिरवट, फेसाळ होते. कारण समजून घेण्यासारखं आहे. पाजण्याच्या सुरुवातीचं दूध पातळ, साखर जास्त आणि स्निग्धांश कमी असलेलं असतं. बाळ एका बाजूचं थोडं, दुसऱ्या बाजूचं थोडं असं पितं तेव्हा त्याला हेच दूध भरपूर मिळतं. ते आतड्यातून घाईने पुढे सरकतं, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज पूर्ण पचायच्या आत मोठ्या आतड्यात पोहोचतं, तिथले जीवाणू ते आंबवतात आणि गॅस होतो. याला कुणी लॅक्टोज पचत नसल्याचं नाव देऊन अंगावरचं दूध बंद करायला सांगितलं तर ऐकू नका. एका बाजूचं पूर्ण पिऊ द्या, बाळाने स्वतः सोडल्यावरच दुसरी बाजू पुढे करा. पहिला जोराचा पान्हा स्वच्छ कापडात जाऊ द्या आणि मग बाळाला लावा. किंवा तुम्ही मागे रेलून बसा आणि बाळाला पोटावर घेऊन पाजा, म्हणजे दुधाला वर चढावं लागतं आणि त्याचा जोर आपोआप कमी होतो.

पाजण्याची वेळही बघा. बाळ ओठ चाटतं, मूठ तोंडात घालतं, मान वळवून शोधतं, ही भुकेची सुरुवात. रडणं हे भुकेचं शेवटचं टोक. रडत असलेल्या बाळाला लावलं की ते आधीच पोटभर हवा गिळून बसलेलं असतं. उलट, प्रत्येक रडण्याला दूध हेही बरोबर नाही. पहिल्या दिवशी बाळाच्या जठरात एका वेळी जेमतेम ५ ते ७ मिली मावतं. आता मावतं त्याहून पुष्कळ जास्त, पण तरीही अर्ध्या तासापूर्वी नीट प्यायलेलं बाळ किरकिरलं तर आधी उचला, फिरवा, लंगोट बघा. एक भेद मात्र ठेवा: संध्याकाळी पुष्कळ बाळं खरंच थोड्या थोड्या वेळाने प्यायला मागतात, ते दूध कमी असल्याचं लक्षण नाही. शोधत असेल तर द्या. अंग ताठ करून तोंड फिरवत असेल तर नको.

बाटलीबद्दल. बाळाला जवळजवळ बसतं धरा आणि बाटली आडवी ठेवा, म्हणजे दूध आपोआप ओतलं जाणार नाही, बाळ ओढून घेईल. तीन-चार मिनिटांनी बाटली खाली करून त्याला श्वास घेऊ द्या. एक बाटली संपायला पंधरा-वीस मिनिटं लागली तर ते चांगलं आहे. पाच मिनिटांत संपली तर निपलचं भोक मोठं आहे, आणि निपल चपटं होऊन आत ओढलं जात असेल तर ते फार लहान आहे. पावडर जोरजोरात हलवून मिसळली की फेस होतो. बाटली गोल फिरवून मिसळा आणि फेस बसेपर्यंत ठेवा. मोजमाप डब्यावर लिहिलंय तेच घ्या, चमचा सपाट भरलेला, एक थेंबही घट्ट किंवा पातळ नाही.

ढेकराचं मोल मला वाटतं थोडं फुगवलं गेलंय. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात ढेकर काढलेल्या बाळांचं रडणं न काढलेल्यांपेक्षा कमी झालं नाही, उलट दुधाची गुळणी वाढली. मी तरीही ढेकर काढायला सांगते, कारण बाळ उभं धरलं जातं आणि बऱ्याच बाळांना त्याने बरं वाटतं. पण दोन-तीन मिनिटांत आला नाही तर सोडून द्या. झोपी गेलेल्या बाळाला ढेकरासाठी थोपटून उठवू नका. मांडीवर बसवून काढत असाल तर हात हनुवटीला असावा, गळ्याला नको.

आता पोट. दोन पाजण्यांच्या मध्ये, बाळ शांत असताना, प्यायल्यावर निदान अर्धा-पाऊण तास जाऊ दिल्यावर. हात चोळून गरम करा. बाळ समोर उताणं. तुमच्या डाव्या बाजूला, खाली, जांघेच्या वर सुरुवात करा, बरगडीपर्यंत वर, तिथून आडवं तुमच्या उजवीकडे, आणि मग खाली. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. मोठं आतडं याच वाटेने जातं. दाब एवढाच की त्वचा सरकावी. पाच-सहा फेऱ्या झाल्या की गुडघे एकत्र धरून हळूच पोटाशी न्या, दहापर्यंत मोजा, सोडा. मग सायकलसारखे पाय चालवा. बाळ जोरात रडत असताना हे करू नका, आवळलेल्या पोटावर दाब नको असतो. तेव्हा त्याला हाताच्या पन्हाळीवर पालथं घ्या: डोकं तुमच्या कोपराशी, एका कुशीवर, पोट तुमच्या हातावर, पाय दोन्ही बाजूंना लोंबते, दुसरा हात पाठीवर. आणि चाला. मला सगळ्यात भरवशाची वाटणारी युक्ती हीच आहे. गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवू नका. नवजात त्वचा किती पटकन भाजते ते मी पाहिलं आहे. कोमट पाण्याची आंघोळ चालेल.

पालथं घेणं जागेपणी आणि तुमच्या नजरेखालीच. झोपवताना बाळ कायम पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर, उशी किंवा उतार न करता. पालथं झोपलं की गॅस जातो आणि शांत झोपतं, हे खरं दिसतं, पण झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका त्याने वाढतो. यात मी सवलत देत नाही.

कडेवर घेण्याने बाळ लाडावतं ही भीती या वयात सोडून द्या. १९८६ मध्ये हुनझिकर आणि बार यांच्या अभ्यासात जी बाळं दिवसभरात जास्त वेळ उचलून घेतली गेली, ती सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली. मात्र रडू लागल्यावर उचलणं नव्हे, शांत असतानाही जवळ घेतलं होतं. म्हणून संध्याकाळी सहाची वाट न बघता चार-साडेचारलाच बाळाला अंगाशी बांधून घ्या, दिवे मंद करा, आवाज कमी करा. दिवसभराच्या थकव्याने बाळ बेजार झालेलं असतं, त्याला आणखी हातांमधून फिरवणं नको. पंख्याचा किंवा वाहत्या पाण्याचा एकसुरी आवाज बऱ्याच बाळांना शांत करतो.

कुंथण्याबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण ते लवकरच दिसेल. काही बाळं शी करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं लालबुंद होऊन कुंथतात, रडतात, आणि मग मऊ शी होते. ही बद्धकोष्ठता नाही. पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी गुदद्वार सैल सोडायचं, हा मेळ त्यांना अजून साधलेला नसतो. साबणाची कांडी, थर्मामीटर घालून मदत करू नका, नाहीतर बाळ त्याचीच वाट बघू लागतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला दीड महिन्यानंतर चार-पाच दिवस शी झाली नाही आणि झाली तेव्हा मऊ असली तर तेही ठीक.

थेंबांचं थोडक्यात. सिमेथिकोन पोटातले लहान बुडबुडे एकत्र करतं, रक्तात शोषलं जात नाही, फारसं नुकसान करत नाही, पण नियंत्रित चाचण्यांमध्ये ते औषध नसलेल्या, नुसत्या तसेच दिसणाऱ्या थेंबांपेक्षा सरस ठरलेलं नाही. मी सुरुवातीची काही वर्षं ते प्रत्येक रडणाऱ्या बाळाला लिहून देत असे. आता देत नाही. ग्राइप वॉटर १८५१ साली विल्यम वुडवर्ड यांनी बाजारात आणलं, तेव्हा त्यात मद्यार्क आणि साखर होती. आजच्यात मद्यार्क नसतो, पण उपयोगाचा पुरावाही नाही. डायसायक्लोमाइन असलेलं औषध सहा महिन्यांखालच्या बाळाला अजिबात नाही, त्याने श्वास थांबण्याचे प्रकार घडलेले आहेत. घरात आधीच्या मुलाची बाटली असेल तर तिच्यावरचं नाव आज वाचा. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जीवाणूच्या थेंबांनी अंगावर पिणाऱ्या बाळांचं रडणं काही प्रमाणात कमी झाल्याचं दिसलंय, वरच्या दुधावरच्या बाळांत तसं दिसलेलं नाही. द्यायचे असतील तर डॉक्टरांशी बोलून. सहा महिन्यांपर्यंत पाणी, साखरेचं पाणी, चाटण काही नको, आणि मध तर पहिला वाढदिवस होईपर्यंत नाही, त्यातून जीवघेणी बाधा होऊ शकते.

तुमचं जेवण तोडू नका. बाळाच्या रडण्यासाठी आई एकेक पदार्थ सोडत जाते आणि शेवटी तिचीच ताकद जाते. अपवाद एकच: रडण्याबरोबर शीत रक्त किंवा चिकट शेम, अंगावर इसब, वारंवार उलट्या असतील तर गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन ते चार आठवडे दुधाचे सगळे पदार्थ बंद करून बघतात, आणि नंतर पुन्हा सुरू करूनही बघतात. हे दुसरं पाऊल बहुतेक जण विसरतात.

आणि तुम्ही स्वतः. रडणं ऐकून हात थरथरायला लागले, राग वर येतोय असं वाटलं, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा आणि दार लोटून दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. तेवढ्या रडण्याने त्याला काही होत नाही. त्याला हलवून गप्प करण्याच्या एका क्षणाने मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे घरातल्या प्रत्येकाला सांगा, बाळाच्या वडिलांना सगळ्यात आधी. आणि संध्याकाळचा सहा ते आठ हा वेळ शक्य असेल तर त्यांनीच बाळाला घेऊन चालावं, पाजण्यापुरतं तुमच्याकडे आणावं. दिवसभर उदास वाटत असेल, बाळ झोपल्यावरही झोप लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, बाळाच्या गॅसइतकंच.

उद्यापासून तीन दिवस एका कागदावर तीनच गोष्टी लिहा: कधी प्यायलं, कधी झोपलं, कधी रडलं. थेंब बंद ठेवा. आणि एकदा पाजताना बाजूने चित्रफीत काढून घ्या, बाळाचे ओठ आणि गाल दिसतील अशी, आवाजासकट. पुढच्या वजनाला जाताना हे दोन्ही घेऊन जा. टचटच आवाज आहे की नाही, हे तोवर तुम्हालाच कळलेलं असेल.